आठ मायक्रॉनचे मायग्रेशन इन्सर्ट: पैसे भोकांचे, उत्तर तळाचं

वनस्पती तुपाला सगळे डालडाच म्हणायचे, तसं या वस्तूला सगळे ट्रान्सवेलच म्हणतात. नाव एका कंपनीचं, वस्तू मात्र अनेक कंपन्या करतात. २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये लटकून बसणारा प्लास्टिकचा छोटासा पेला, त्याच्या तळाला पातळ पडदा आणि पडद्याला ८ मायक्रॉनची भोकं. वर पेशी घालायच्या, खाली त्यांना ओढणारं काहीतरी ठेवायचं आणि किती पेशी पार झाल्या ते मोजायचं. हा आढावा एकाच कामापुरता आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी वाढीच्या संकेतामुळे किती सरकतात आणि तळाला चिकटण्यामुळे किती सरकतात, हे वेगळं काढायला हे इन्सर्ट कितपत उपयोगी आहेत?

उपयोगी आहेत. पण पेटीतून काढले आणि वापरले, असं केलं तर निम्मंच उत्तर मिळतं. आमच्याकडून पाचपैकी साडेतीन. गेलेला दीड गुण कशाचा, ते पुढे येईलच.

आधी हिशोब, कारण वस्तू स्वस्त नाही. एका इन्सर्टच्या पैशात बेळगावच्या खानापूर रोडवरच्या खानावळीत दोघांचं जेवण सहज होतं, आणि इन्सर्ट एकदाच वापरायचा असतो. धुऊन, यूव्हीखाली ठेवून पुन्हा वापरायची युक्ती सांगणारे भेटतात. ऐकू नका. भोकात अडकलेल्या जुन्या पेशींचे अवशेष आणि जुनं कोटिंग निघत नाही आणि पुढच्या मोजणीत तेच दिसतं. नेहमीच्या पेटीत ४८ नग असतात: चार प्लेट, प्रत्येकीत १२ इन्सर्ट. उरलेल्या १२ वेल रिकाम्या असतात. त्या फुकट गेल्या असं वाटतं, पण रंगवताना इन्सर्ट उचलून ठेवायला त्याच लागतात.

हा १२ आणि ४८ चा आकडा आपल्या कामाला चपखल बसतो. ईजीएफ (पेशीला वाढीचा संकेत देणारं प्रथिन) वर नाही-खाली नाही, वर नाही-खाली आहे, वर आहे-खाली नाही, वर आहे-खाली आहे, असे चार प्रकार, प्रत्येकाचे तीन नग. एक प्लेट संपली. आता प्रत्येक प्लेटला कोलॅजनचं (पेशी ज्याला चिकटतात त्या प्रथिनाचं) वेगळं प्रमाण द्या: ०, १, १० आणि ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली. चार प्लेट, एक पेटी, एक पूर्ण तक्ता. मात्र हा झाला एका दिवसाचा एक प्रयोग. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या (नव्या प्लेटमध्ये हलवून वाढवायच्या फेरीच्या) पेशींवर तो तीनदा करायचा तर किमान तीन पेट्या लागतात. प्रकल्पाच्या बजेटमध्ये एक पेटी लिहून ठेवणारे इथेच फसतात.

चार प्रकार कशाला, असं गाईडही विचारतात. फक्त 'खाली ईजीएफ आहे' आणि 'खाली ईजीएफ नाही' एवढंच केलं, तर पेशी ईजीएफच्या दिशेने गेल्या की ईजीएफ लागल्यामुळे नुसत्याच चुळबुळ करत सुटल्या, हे कळत नाही. वर-खाली दोन्हीकडे सारखं ईजीएफ असूनही तितक्याच पेशी पार झाल्या, तर ती दिशा नव्हे, चुळबुळ. शिवाय पडदा जेमतेम १० मायक्रॉन जाडीचा. खालचं ईजीएफ काही तासांत वर झिरपतं आणि २४ तासांनी उतार उरलेलाच नसतो. म्हणून दिशेबद्दल काही ठाम लिहायचं असेल तर ६ ते ८ तासांवरची मोजणीही हवी.

यापेक्षा मोठी गफलत सिरममध्ये आहे. बहुतेक ठिकाणी वर बिनसिरमचं मीडियम (पेशींचा पोषक द्राव) आणि खाली १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सिरम), अशी ठरलेली रीत असते. पेशी खाली येतात, निळे ठिपके छान दिसतात, प्रबंधात फोटो लागतो. पण सिरममध्ये वाढीचे घटक असतात तशी फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिनही असतात. ती पडद्याच्या खालच्या बाजूला जाऊन बसतात आणि पेशीला पाय रोवायला जागा देतात. म्हणजे संकेत आणि चिकटपणा दोन्ही एकाच बाटलीतून ओतले आणि मग विचारलं की काम कोणी केलं! हा प्रश्न असेल तर खाली सिरम नकोच. बिनसिरमचं मीडियम, ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) आणि मोजून घातलेलं ईजीएफ, एवढंच.

ईजीएफचं माप असं. १०० मायक्रोग्रॅमची कुपी डेटाशीटमध्ये सांगितलेल्या द्रावात १ मिली करा, त्यात ०.१ टक्के बीएसए असू द्या. बीएसए नसेल तर पातळ केलेलं ईजीएफ नळीच्या भिंतीलाच चिकटतं आणि वेलमध्ये किती पोचलं याचा पत्ता नसतो. मग १०-१० मायक्रोलिटरच्या नळ्या भरून गोठवा. एका नळीत १ मायक्रोग्रॅम. ती ५० मिली मीडियममध्ये घातली की २० नॅनोग्रॅम प्रति मिली होतं, चार प्लेटना पुरून उरतं. वितळवलेली नळी परत गोठवायची नाही. १०० नॅनोग्रॅमपर्यंत चढवून जास्त परिणाम मिळेल अशी आशा नको. ईजीएफ पकडणारे रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात आणि आलेख उलट खाली बसतो.

आता तळ. आमच्या मते सगळा खेळ इथे आहे, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात यावर दोन ओळी असतात.

पडदा कोरा असतो. मोठ्या आतड्याच्या पेशी कोलॅजन-१ ला मुख्यतः अल्फा-२ बीटा-१ या इंटिग्रिनने (पेशीच्या पृष्ठभागावरच्या पकडीच्या प्रथिनाने) धरतात, फायब्रोनेक्टिनला अल्फा-५ बीटा-१ ने. तळाला यातलं काहीच नसेल तर पेशी भोकाच्या तोंडाशी येते, पण पलीकडे धरायला काही नसल्यामुळे खालच्या मीडियममध्ये गळून पडते. मोजणीत ती येतच नाही. प्रयोग संपल्यावर खालचं मीडियम फेकण्याआधी एकदा मायक्रोस्कोपखाली बघा. कोऱ्या इन्सर्टखाली तरंगणाऱ्या पेशी हमखास दिसतात. 'आमच्या पेशी सरकत नाहीत' या तक्रारीमागे कितीतरी वेळा हेच असतं: पेशी सरकल्या, थांबल्या नाहीत.

कोटिंग खालच्या बाजूला करायचं. उंदराच्या शेपटीचं कोलॅजन-१, ०.०२ नॉर्मल ॲसिटिक ॲसिडमध्ये ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली. हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) निर्जंतुक पॅराफिल्मवर ५० मायक्रोलिटरचे थेंब मांडा आणि प्रत्येक थेंबावर एक इन्सर्ट अलगद टेकवा. पडद्याचं क्षेत्रफळ ०.३३ चौरस सेंटीमीटर असतं, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण ७.५ मायक्रोग्रॅम कोलॅजन मिळतं. वर झाकण, शेजारी ओला टिश्यू, खोलीच्या तापमानाला एक तास. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत बेळगावात ओल्या टिश्यूशिवाय थेंबाच्या कडा तासाभरात वाळतात आणि पडद्यावर कोलॅजनची कंकणं उमटतात. मग पीबीएसने (मिठाच्या बफर द्रावाने) दोनदा धुणं. ॲसिड राहिलं तर पेशी पहिल्या अर्ध्या तासातच गोल होऊन बसतात. शेवटी १ टक्का बीएसएने अर्धा तास ब्लॉक करा, आणि शून्य कोलॅजनवाली प्लेटही याच सगळ्यातून न्या, नुसतं ॲसिड लावून. नाहीतर तुमचं शून्य हे शून्य नसतं.

कोलॅजन जितकं जास्त तितक्या पेशी जास्त, असा सरळ आलेख येईल अशी अपेक्षा असेल तर ती सोडा. जून-जुलैत खानापूरकडच्या लावणीच्या चिखलात उतरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गुडघाभर चिकट चिखलात पाय रुततो, उचलत नाही. शेवाळलेल्या बांधावर पाय टिकतच नाही. भराभर चालता येतं ते मधल्या ओलीत. पेशीचंही तसंच. पुढचा पाय रोवायला पकड हवी आणि मागचा पाय सुटायलाही हवा. वेग मध्यम पकडीला सर्वांत जास्त असतो, हे १९९७ मध्ये हॅमस्टरच्या पेशींवर फायब्रोनेक्टिनचं प्रमाण आणि इंटिग्रिन बदलून दाखवलं गेलं आहे. म्हणून कोलॅजनची चार प्रमाणं. एकाच प्रमाणावर काम केलंत तर आपण डोंगराच्या चढावर उभे आहोत की उतारावर, हे समजणार नाही.

ईजीएफ इथेच घुसतं. ते पेशीला नुसतं 'चल' म्हणत नाही, मागची पकडही सैल करतं. रिसेप्टरपासून ईआरके (पेशीच्या आत संकेत पुढे नेणारं प्रथिन) आणि तिथून कॅल्पेन, असा तो मार्ग. कॅल्पेन पकडीच्या जागची प्रथिनं कापतं. परिणाम असा की चिकट तळावर ईजीएफमुळे पेशी सुटून पळतात, आणि ज्या तळावर पकड आधीच कमजोर आहे तिथे तेच ईजीएफ काहीच करत नाही किंवा उलट पेशी गळवतं. एकाच कोलॅजनवर केलेल्या दोन प्रयोगशाळांचे निकाल उलटसुलट आले तर भांडायची गरज नाही, आधी कोटिंगचं माप विचारा. पकड किती, हे वेगळं मोजायला इन्सर्ट वाया घालवू नका. साध्या ९६ वेलच्या प्लेटला तीच चार कोटिंग करा, पेशी ४५ मिनिटं बसू द्या, दोनदा धुवा, क्रिस्टल व्हायोलेट लावा, १० टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये रंग सोडवा आणि ५९० नॅनोमीटरला वाचा. हा तक्ता शेजारी नसेल तर इन्सर्टच्या आकड्यांना अर्थ देता येत नाही.

पेशी कुठल्या घ्यायच्या, यावर इन्सर्टचं यश बरंच अवलंबून आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून) येतात. यादीतल्या सगळ्या 'कोलन कॅन्सर'च असल्या तरी स्वभाव वेगळे. एचसीटी-११६ पेशी या इन्सर्टला सर्वांत सोयीच्या. २४ तासांत मोजण्याइतक्या पार होतात. पण त्यांचा टीजीएफ-बीटा (आणखी एक संकेत देणारं प्रथिन) पकडणारा रिसेप्टर-२ मोडलेला आहे, म्हणून त्यांच्यावर टीजीएफ-बीटा घालून परिणाम शोधणं म्हणजे तुटलेल्या बेलचं बटण दाबणं. एसडब्ल्यू-४८० आणि एसडब्ल्यू-६२० एकाच रुग्णाच्या: पहिली मूळ गाठीची, दुसरी नंतर लिम्फ नोडमध्ये पसरलेल्या गाठीची. तुलनेला ही जोडी उत्तम. दोन्हींत केआरएएस जनुकातला जी-१२-व्ही हा बदल आहे, तेव्हा ईजीएफ न घालताही खालचा मार्ग थोडाफार चालूच असतो. 'ईजीएफमुळे दुप्पट' असं काही मोठं दिसलं नाही तरी दचकू नका. एचटी-२९ मध्ये बीआरएएफ जनुकातला व्ही-६००-ई हा बदल. काको-२ मध्ये केआरएएस आणि बीआरएएफ दोन्ही साबूत, पण चाल अगदीच मंद.

एसडब्ल्यूच्या जोडीबरोबर एक जुना सापळा येतो. त्यांचं मूळ मीडियम एल-१५, आणि ते कार्बन डायऑक्साइडशिवाय वापरायचं असतं. इन्सर्टची प्लेट सवयीने ५ टक्क्यांच्या इनक्यूबेटरमध्ये सारली की मीडियम पिवळं पडतं आणि आम्लात बसलेल्या पेशींची चाल मोजली जाते. एकतर पेशी आधीच डीएमईएमवर (कार्बन डायऑक्साइडमध्ये चालणाऱ्या मीडियमवर) चार-पाच पॅसेज रुळवा, नाहीतर प्लेट कार्बन डायऑक्साइड न सोडलेल्या, साध्या हवेच्या इनक्यूबेटरमध्ये ठेवा.

एचटी-२९ साठी हे इन्सर्ट घेऊच नका, असं आमचं स्पष्ट मत. त्या ई-कॅडहेरिनने एकमेकींना घट्ट धरून बेटं करून राहतात आणि सरकल्या तर बेटासकट सरकतात. ८ मायक्रॉनच्या भोकातून बेट जात नाही. ४८ तासांनी दहा-बारा ठिपके दिसतात आणि 'एचटी-२९ कमी सरकते' असं लिहिलं जातं. त्यांच्यासाठी ५०० मायक्रॉनची फट सोडणारा सिलिकॉनचा दोन कप्प्यांचा इन्सर्ट बरा. प्रत्येक कप्प्यात ७० मायक्रोलिटर पेशी, रात्रभर वाढ, सकाळी चिमट्याने उचला, मग ०, १२, २४ तासांना फोटो आणि इमेजजे या संगणक प्रणालीत मोजणी. ओल्या कोटिंगवर सिलिकॉन धरत नाही आणि खालून पेशी गळतात, म्हणून धुतल्यावर कोलॅजन हूडमध्ये पूर्ण वाळवून मगच तो दाबायचा. २०० मायक्रोलिटरच्या पिवळ्या टिपने चरा मारायची फुकटची पद्धत सर्वत्र आहे, पण टिप पेशींबरोबर कोटिंगही खरवडते. चिकटपणाचा प्रश्न विचारायचा आणि तोच खरवडून काढायचा, याला काय म्हणावं? शिवाय फट भरण्यात ईजीएफने झालेली पेशींची वाढही मिसळते. ती दाबायला मायटोमायसिन-सी १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, दोन तास. मग नीट धुणं, हातमोजे आणि वेगळा कचरा.

परत इन्सर्टकडे. पेशी प्लेटवरून सोडवताना प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन बेतानेच. जास्त वेळ ठेवलं तर ई-कॅडहेरिन आणि इंटिग्रिन दोन्हींचे बाहेरचे तुकडे कापले जातात आणि ज्या पकडीचा अभ्यास करायचा तीच आपण तोडलेली असते. शक्य तर नुसतं ईडीटीए (कॅल्शियम बांधून पेशी सोडवणारं रसायन), नाहीतर ०.०५ टक्के ट्रिप्सिन दोन-तीन मिनिटं आणि ते थांबवायला सिरमऐवजी सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर. मग ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, बिनसिरमच्या मीडियममध्ये दोनदा धुवा. वर १०० मायक्रोलिटरमध्ये ५०,००० पेशी, खाली ६०० मायक्रोलिटर. पॉलिकार्बोनेटच्या पडद्यात दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ लाख भोकं, म्हणजे एका इन्सर्टला साधारण ३३,०००. दोन लाख पेशी ओतल्या तर एका भोकाला सहा गिऱ्हाइकं, आणि मग तोंडाशीच गर्दी होते.

खालचं मीडियम आधी, इन्सर्ट नंतर, आणि तोही तिरका करून सोडायचा. सरळ खाली ठेवला की पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो. रंगवल्यावर मधोमध गोल पांढरा डाग दिसतो तो त्याचाच. असा इन्सर्ट मोजणीतून बाद.

शेवटी वरच्या, पार न झालेल्या पेशी पुसायच्या. मेडिकलच्या दुकानातला कान कोरायचा बड चालतो, पण पीबीएसमध्ये ओला करून; कोरड्याचे धागे पडद्यात अडकतात आणि जांभळे रंगतात. कडेच्या घळीत पेशी राहतात, तिथे बड गोल फिरवा, दाबू नका. प्रत्येक प्रयोगात एक जास्तीचा इन्सर्ट न पुसता ठेवा, एकूण पेशी किती होत्या हे त्यावरून कळतं. मिथेनॉल १० मिनिटं, ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेट २० मिनिटं, नळाच्या पाण्यात हलके बुडवून धुणं. पाच ठिकाणं मोजा: चार बाजूंना आणि एक मध्ये, सुंदर दिसेल तिथे नव्हे. रिकामी भोकंही किंचित रंग धरतात. ८ मायक्रॉनचं गोल ठिपकं म्हणजे भोक, केंद्रक दिसेल ती पेशी.

पडदा पॉलिकार्बोनेटचा असेल तर हे सगळं होईपर्यंत आत काय चाललंय ते दिसत नाही, तो धुरकट असतो. पीईटी या दुसऱ्या प्लास्टिकचा पारदर्शक असतो, भोकं थोडी कमी, पण फेज मायक्रोस्कोपखाली पेशी बसल्या की नाही हे दोन तासांत कळतं. आमची पसंती पीईटीला. कंपनीनेच कोटिंग करून दिलेले इन्सर्ट मात्र नकोत. कोलॅजनचं प्रमाण आपल्या हातात राहत नाही.

बेळगावात या इन्सर्टचा बराच वापर वनस्पतींच्या अर्कांवर होतो. पश्चिम घाट शेजारी, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था गावातच, तेव्हा ते साहजिक आहे. अर्क मायग्रेशन थांबवतो असं म्हणण्याआधी दोन गोष्टी. अर्काचं प्रमाण पेशी न मरणारं हवं. २४ तासांच्या एमटीटीत (जिवंत पेशी मोजायच्या चाचणीत) ९० टक्के पेशी जिवंत राहतील त्याच्या खालीच राहा, डीएमएसओ (अर्क विरघळवायचं द्रावक) ०.१ टक्क्याच्या आत. दुसरी गोष्ट फारशी कोणी तपासत नाही. हिरड्यासारख्या अर्कात टॅनिन भरपूर असतं आणि टॅनिन प्रथिनाला घट्ट धरतं. चामडं कमावायला हिरडा लागतो तो याच गुणासाठी. चामडं म्हणजे कोलॅजनच, आणि आपलं कोटिंगही कोलॅजनच! अर्काने पेशी थांबवली की तळ कमावला? दोन इन्सर्ट जास्त लावा: कोटिंगवर तासभर नुसता अर्क, मग धुऊन बिनअर्काच्या पेशी. त्याही थांबल्या तर श्रेय चांभाराचं.

खरेदीचं थोडं. कोटिंग नसलेले इन्सर्ट साध्या तापमानाला येतात, त्यांना घाई नाही. कोलॅजन, ईजीएफ, फायब्रोनेक्टिन सहसा बर्फात येतात, ती शुक्रवारी निघणार नाहीत असं विक्रेत्याकडून कबूल करून घ्या. रविवारभर गोदामात बर्फ टिकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याहून मागवण्यापेक्षा बंगळूरहून बरं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरजवळ महामार्ग बंद पडला होता, आणि सीमाप्रश्न तापला की निपाणीच्या अलीकडे-पलीकडे ट्रक उभे राहतात ते वेगळंच.

ऑर्डरमध्ये नुसतं 'ट्रान्सवेल इन्सर्ट, २४ वेल' लिहू नका. काको-२ च्या शोषणाच्या चाचणीला लागणारे ०.४ मायक्रॉनचे इन्सर्ट दिसायला अगदी तसेच असतात, आणि त्यातून पेशी जन्मात पार होत नाही. सील फोडलेली पेटी कोणी परत घेत नाही. खरेदी विभागाला लिहून द्यायची ओळ अशी: इन्सर्ट, २४ वेल, भोक ८.० मायक्रॉन, पडदा पीईटी, कोटिंग नाही, निर्जंतुक, ४८ नग, मुदत किमान एक वर्ष बाकी. आणि माल आला की सही करण्याआधी प्लेटच्या पाकिटावरचा आकडा बघायचा, बाहेरच्या खोक्यावरचा नव्हे.